गलाईचा मुलूख आणि मराठी कादंबरी

प्रादेशिक वाङ्मय या नावाने मराठीत जो एक विभाग टीकाकारांनी पाडला आहे, त्याच्या मुळाशी एक गृहीत गोष्ट आहे; ती अशी की, प्रदेश म्हणजे जमीन. ज्या मातीत माणूस जन्मला, जिच्यावर त्याने नांगर धरला किंवा मेंढरे चारली, ती माती, तिच्यावरील झाडझाडोरा, तिची बोली आणि तिचे देवदेवक यांचे यथातथ्य चित्र ज्या ग्रंथात उतरले तो ग्रंथ प्रादेशिक, असे आपण शिकलो व शिकवीत आलो. या व्याख्येने मराठीचे पुष्कळ कल्याण झाले यात शंका नाही. पुण्यामुंबईच्या पांढरपेशा दिवाणखान्यातून आपली कादंबरी बाहेर पडली ती याच वाटेने. परंतु ज्या प्रदेशातील मोठा वर्ग पिढ्यान् पिढ्या आपल्या मातीवर राहतच नाही, ज्याचे घर एका भाषेच्या मुलखात आणि चूल दुसऱ्या भाषेच्या मुलखात आहे, त्याचा प्रदेश कोणता मानावयाचा? या प्रश्नास आमच्या टीकेजवळ उत्तर नाही. आणि टीकेजवळ उत्तर नाही म्हणून लेखकानेही तो प्रश्न फारसा मनावर घेतलेला नाही, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न केवळ तर्कातून निघालेला नव्हे. सांगली जिल्ह्यातील विटे हे खानापूर तालुक्याचे ठाणे. 1949 साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग होईपर्यंत हा मुलूख साताऱ्यात मोडत असे. पुढे दक्षिण सातारा आणि 1960 पासून सांगली असे त्याचे नाव झाले. नाव बदलले तरी आभाळ बदलले नाही. सह्याद्रीने अडविलेल्या पावसाच्या छायेत हा सारा टापू पडतो. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कवठे महांकाळ यांचा माळ, शेजारचे खटाव, माण व सांगोले, हे एकाच कोरड्या पट्ट्याचे तुकडे होत. या पट्ट्यातून माणसे बाहेर पडली ती एक विशेष विद्या घेऊन. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या त्या विद्येस गलाई म्हणतात आणि ती करणाऱ्यास गलाईवाला. आज कोइंबतूर, सेलम, त्रिचूर, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, कोलकाता, दिल्ली, अशा जेथे जेथे सराफकट्टा आहे त्या बहुतेक ठिकाणी सराफ्याच्या पाठीमागच्या बोळात खानापूर-आटपाडीकडचे माणूस भेटते. लेंगरे, पळशी, भाळवणी अशा गावांची नावे महाराष्ट्रातील सुशिक्षितास ठाऊक नसतील. दक्षिणेतील सराफास ती ठाऊक असतात.

गलाईचे काम ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण पुढील विवेचनास त्याचा आधार लागेल. सराफाकडे मोडीत आलेला हीणमिश्रित दागिना प्रथम टाकणखार घालून मुशीत वितळवितात. मग सोन्याच्या दुपटी-तिपटीने त्यात चांदी मिसळतात. ऐकणारास हे विपरीत वाटेल. शुद्ध करावयाचे सोने, आणि त्यात घालावयाची चांदी! परंतु विद्येचे मर्म येथेच आहे. सोन्याचा अंश अधिक असला तर तेजाब आतपर्यंत शिरत नाही. चांदी पुरेशी असली म्हणजे शोऱ्याचे तेजाब ती चांदी व तिजबरोबरचे तांबे दोन्ही खाऊन टाकते आणि सोने तेवढे तळाशी उरते. उरते तेव्हा ते पिवळे नसते. तपकिरी, निस्तेज भुकटी असते. ती धुऊन पुन्हा मुशीत घातली म्हणजे मग सोन्याचा वर्ण प्रकट होतो. तेजाबात विरघळलेली चांदी तांब्याचे पत्रे टाकून परत मिळवितात. या कामी तांबूस रंगाचा जो धूर उठतो तो फुप्फुसास घातक. आणि पूर्वी राहण्याची खोली व भट्टीची खोली पुष्कळदा एकच असे. याखेरीज सोनाराच्या दुकानातील केर, बसण्याच्या सतरंजीची झटकन, हात धुतलेले पाणी, या सर्वांतून सोन्याचा कण शोधून काढणे हेही याच विद्येचे एक अंग आहे. दुसऱ्याने झाडून टाकलेल्या धुळीत ज्याची उपजीविका दडलेली आहे असा हा मनुष्य होय. एवढी एक गोष्ट एखाद्या चांगल्या कादंबरीकारास पुरी पडावी.

पण धंद्यापेक्षाही ज्या बोळात तो धंदा चालतो तो बोळ आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. मुंबईचा झवेरी बाजार घ्या. पेढीवर बसलेला राजस्थानचा किंवा गुजरातचा, माडीवर दागिना घडविणारा कारागीर बंगालचा आणि त्याच इमारतीत मुशीपुढे बसलेला आमच्या माळावरचा. चेन्नईची साहुकारपेठ घ्या. कंपनी सरकारच्या टांकसाळीवरून नाव पडलेल्या मिंट स्ट्रीटच्या आसपास मारवाडी, गुजराती, तेलुगू आणि तमिळ या चार भाषा एका हाकेच्या अंतरात ऐकू येतात. त्यांत माणदेशी मराठीची पाचवी भर पडते. उत्तरेकडून आलेल्या व्यापाऱ्यास दक्षिणेत सरसकट ‘सेट’ म्हणण्याची रीत आहे. गावी ज्याला कोणी दादा म्हणते, कोणी आबा म्हणते, तो तेथे सेट होतो. आणि गावच्या जत्रेस परतला म्हणजे गावकरी त्याला ‘आमचा कोइंबतूरवाला’ किंवा ‘केरळवाला’ म्हणतात. म्हणजे जेथे तो राहतो तेथे तो उत्तरेचा, आणि जेथला तो आहे तेथे तो दक्षिणेचा. नावाची ही अदलाबदल विनोदाची वाटते खरी, पण एका माणसाचे दोन्हीकडचे उपरेपण तिच्यात साठवलेले आहे.

आता या भूमीतील वाङ्मयाकडे वळू. माणदेशाच्या वाट्यास थोर लेखक आले नाहीत अशी तक्रार कोणी करू शकणार नाही. व्यंकटेश माडगूळकर आटपाडीजवळच्या माडगूळचे. ‘माणदेशी माणसं’ 1949 सालची आणि ‘बनगरवाडी’ 1955 सालची. शंकरराव खरात आटपाडीचे. त्यांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र 1981 साली आले. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तर या जिल्ह्याचे भूषण. या तिघांचे सामर्थ्य निरनिराळे आहे. परंतु आमच्या प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले असता तिघांच्याही लेखनात एक सीमा दिसते.

‘बनगरवाडी’चा शेवट वाचकांस आठवत असेल. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगावयास बाहेर पडतात, वाडी ओस होते आणि मास्तरही ती सोडून निघतो. हा शेवट मराठी कादंबरीतील अत्यंत समर्थ शेवटांपैकी एक आहे, आणि त्यात एक ओळही कमी-अधिक करावी असे आम्ही म्हणणार नाही. तथापि मराठी वाचकाच्या मनावर त्या शेवटाचा जो परिणाम झाला तो विचार करण्यासारखा आहे. वाडी सोडून गेलेली माणसे आपल्या दृष्टीने नाहीशी झाली. गाव हा रंगमंच. त्यावरून पात्र गेले म्हणजे त्याचे काम संपले, असे आपण नकळत मानले. वास्तविक इतिहासात मात्र नेमके येथेच दुसरे प्रकरण सुरू होते. याच दुष्काळी टापूतून, याच प्रकारच्या वाड्यांतून उठलेली माणसे शेकडो कोस दूर जाऊन, ज्या भाषेचे एक अक्षर कळत नव्हते तिच्या मुलखात भट्टी पेटवून बसली. कादंबरी जेथे थांबली तेथून गलाईवाल्याची कथा निघते.

यावर कोणी म्हणेल की, गाव सोडून गेलेल्यांची कथा मराठीत नाही हे म्हणणे चुकीचे आहे. ते खरे. मुंबईस गेलेल्या कामकऱ्याचे वाङ्मय मराठीत विपुल आणि तेजस्वी आहे. नवरा मुंबईस गेला आणि बायको गावी राहिली, या ताटातुटीला अण्णा भाऊंच्या छक्कडीने जो सूर दिला तो अजून मावळलेला नाही. नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ 1966 चे. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ 1963 ची. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ 1965 ची. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ 1972 चा. एकाच दशकाच्या आत मुंबईच्या वस्त्या मराठी साहित्यात आल्या त्या अशा, की पुन्हा त्यांना बाहेर घालविणे कोणास शक्य झाले नाही. परंतु मुंबईस गेलेला मराठी मनुष्य कितीही हलाखीत असला तरी आपल्या भाषेच्या राज्यात होता. त्याच्या गिरणीत, संपात, तमाशाच्या थिएटरात मराठी चालत होती. कोइंबतुरास गेलेल्याची गोष्ट वेगळी. तेथे त्याची भाषा उंबरठ्याच्या आत आली की सुरू होई आणि उंबरठा ओलांडला की संपे.

दुसरे असे की, तो कामकरी नव्हे आणि सावकारही नव्हे. प्रथम तो कोणा नातलगाच्या भट्टीवर पोऱ्या म्हणून जातो, भांडी घासतो, कोळसा फुंकतो. काही वर्षांनी हाताखालचा कारागीर होतो. नशिबाने साथ दिली तर स्वतःची भट्टी टाकतो आणि मग गावाकडून दुसरा पोऱ्या आणतो. शोषण करणारा आणि शोषला गेलेला एकाच आयुष्यात, पुष्कळदा एकाच भाऊबंदकीत सापडतो. आपली ग्रामीण कादंबरी शेतकऱ्याच्या दुःखावर पोसली, आपली दलित कादंबरी जातीच्या अन्यायावर आणि आपली महानगरी कादंबरी कामकऱ्याच्या उपासमारीवर. या तिन्ही खणांत गलाईवाला नीट बसत नाही. जो खणात बसत नाही तो टीकाकाराच्या नजरेतून निसटतो. कारभारी म्हटल्याबरोबर जसा ‘बनगरवाडी’तला म्हातारा डोळ्यांपुढे येतो, तसा गलाईवाला म्हटल्याबरोबर कोणीही नावानिशी डोळ्यांपुढे येत नाही.

मग या समाजाविषयी काही लिहिले जातच नाही काय? जाते. पण ते कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. एखाद्या उद्योगी गृहस्थाची साठी किंवा पंचाहत्तरी आली म्हणजे गौरवग्रंथ निघतो. दिवाळीच्या सुमारास वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत लेख येतात. या लेखनाचा साचा ठरलेला आहे. आरंभी दुष्काळ, मध्ये कष्ट, शेवटी बंगला. आरंभी अनवाणी पाय, शेवटी मंदिराला दिलेली देणगी. यात खोटे काही नसते, आणि तरीही सत्य हाती लागत नाही. जो परत आला त्याचीच ही कथा असते. जो तेथेच खंगला, ज्याची भट्टी बुडाली, ज्याच्याजवळ ठेवलेल्या मालावरून बभ्रा झाला आणि जो रातोरात गाव व नाव दोन्ही बदलून गेला, त्याला या ग्रंथांत जागा नाही. पोऱ्या म्हणून नेलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलास पहिल्या वर्षी काय वाटले, हे त्यात कोणी विचारीत नाही. फार तर ‘लहानपणीच जबाबदारीची जाणीव झाली’ असे एक वाक्य येते. स्तुती ही देखील एक प्रकारची मूस आहे खरी. पण तिच्यात घातलेल्या मालातून हीण निघत नाही, उलट ते आत मुरून वर मुलामा चढतो. साहित्य म्हणून या लेखनास आम्ही मान देऊ शकत नाही. पुढील लेखकास कच्ची सामग्री म्हणून त्याचा उपयोग आहे, आणि तेवढ्यापुरते आम्ही त्याचे ऋणी आहोत.

येथे दूर देशातील एक उदाहरण घेणे उपकारक होईल. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या नैऋत्येस कॅब्रामट्टा नावाचे उपनगर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेले निर्वासित या भागात उतरले. नंतर 1973 साली गोऱ्यांनाच प्रवेश देण्याचे त्या देशाचे धोरण पुरते संपले, 1975 च्या एप्रिलमध्ये सायगाव पडले, आणि व्हिएतनाममधून निघालेले लोक विलावुड येथील स्थलांतरितांच्या वसतिस्थानातून या उपनगरात वसत गेले. त्यांच्याबरोबर कंबोडिया व लाओसचे आले, व्हिएतनाममधील चिनी वंशाचे आले. दुकानांच्या पाट्या बदलल्या, बाजारात नव्या पालेभाज्या आल्या, चौकास ‘फ्रीडम प्लाझा’ असे नाव देऊन पूर्वेकडच्या पद्धतीची कमान उभारली गेली. परंतु वृत्तपत्रांना या उपनगरात प्रथम एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे अफूपासून केलेल्या विषाचा व्यापार व टोळ्यांचे खून. 1994 साली तेथील आमदार जॉन न्यूमन यांचा गोळी घालून वध झाला, तेव्हापासून तर त्या गावाचे नाव आणि गुन्हा हे समानार्थी शब्द बनले. पुढे ती लाट ओसरली, आणि त्याच वृत्तपत्रांना तेथे दुसरी एक गोष्ट दिसू लागली. ती म्हणजे उत्तम खाद्यपदार्थ! आधी भय, मग भोजन. मध्ये राहणारा माणूस दोन्ही वेळा दृष्टीआड.

तो माणूस दिसला तो कादंबरीत. आणि दिसण्यास चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागली. पहिल्या पिढीस लिहिण्यास सवड नव्हती. तिची बोटे शिवणयंत्रावर होती. लिहिले ते मुलांनी. व्हिव्हियन फाम या तरुण लेखिकेने किशोरवयातच हाती घेतलेली ‘द कोकोनट चिल्ड्रेन’ ही कादंबरी 2020 साली निघाली. तिचा काळ 1998 चा आणि स्थळ कॅब्रामट्टा. ट्रेसी लीन यांची ‘ऑल दॅट्स लेफ्ट अनसेड’ 2022 साली आली. तिच्यात 1996 सालचा प्रसंग आहे. एका भोजनगृहात भर माणसांत एका गुणी मुलाचा मारहाणीने मृत्यू होतो, आणि हजर असलेला प्रत्येक जण म्हणतो, मी काही पाहिले नाही. वार्ताहर असलेली त्याची बहीण घरोघर हिंडून त्या मौनाचा शोध घेते. या कादंबरीचे खरे यश खुनाच्या उलगड्यात नाही. वस्ती मुकी का होते, परक्या भाषेच्या सत्तेपुढे बोलण्याची भीती, आपल्याच माणसांची लाज आणि मुलांचे भले व्हावे ही इच्छा यांतून मौन कसे तयार होते, हे तिने दाखविले, यात ते आहे.

तिसरे उदाहरण न्याम ले यांच्या ‘द बोट’ या 2008 सालच्या कथासंग्रहातील पहिल्या कथेचे. लेखक व्हिएतनाममध्ये जन्मला, ऑस्ट्रेलियात वाढला. कथेतील तरुण लेखक आपल्या बापाने युद्धात भोगलेल्या कत्तलीची हकीकत लिहून काढतो. मित्र त्याला सांगतच असतात की, तुझ्या वंशाचे दुःख लिही, त्याला भाव आहे. शेवटी बाप ते हस्तलिखित जाळून टाकतो. दुसऱ्याच्या दुःखावर आपल्या नावाचा ठसा उमटविण्याचा अधिकार लेखकास कोणी दिला, हा प्रश्न इतक्या निष्ठुरपणे मांडणाऱ्या कथा थोड्या असतील. गौरवग्रंथ लिहिणारास जशी ही कथा वाचावयास द्यावी, तशीच ती ‘उपेक्षित विषय’ शोधीत हिंडणाऱ्या आमच्या नव्या लेखकासही द्यावी. विषय नवा आहे एवढ्यासाठी कोणी गलाईवाल्याकडे वळणार असेल तर त्याने न वळलेले बरे.

हे साम्य आम्ही ओढूनताणून आणीत नाही. भेदही तितकाच स्पष्ट सांगितला पाहिजे. कॅब्रामट्टात आलेल्यांच्या पाठीमागे युद्ध होते आणि परतीची होडी जाळलेली होती. गलाईवाला स्वतःच्याच देशात राहतो. त्याच्या पाठीमागे दुष्काळ होता, आणि परतीची एसटी रोज सुटते. दसऱ्यास विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते. कोणाची पालखी पुढे गेली ही वार्ता दूरच्या सराफकट्ट्यांतही त्याच आतुरतेने ऐकली जाते. म्हणून निर्वासितांच्या वाङ्मयातील तो कायमच्या तुटीचा शोक येथे उसना आणला तर तो खोटा वाजेल. गलाईवाल्याचे दुःख तुटण्याचे नाही, दोन्हीकडे बांधले असण्याचे आहे. गावी बांधलेला मोठा वाडा वर्षाचे अकरा महिने कुलुपात आणि स्वतः तो तिकडे दोन खोल्यांत. आईबाप वाड्याची राखण करतात, मुले तमिळ शाळेत जातात. परत येता येते म्हणूनच परत येण्याचा निर्णय दरवर्षी पुढे ढकलता येतो. या ढकलण्यात एक आयुष्य सरते. युद्ध नाही, कत्तल नाही, समुद्र नाही. तरीही यात शोकांतिकेचे बीज नाही असे कोण म्हणेल?

या घरातील स्त्रीविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे. मुंबईच्या कामकऱ्याची बायको गावी राहिली म्हणून तिच्या विरहाची गाणी झाली. गलाईवाल्याची बायको पुष्कळदा बरोबर गेली. म्हणून तिचे गाणे झाले नाही. पण बरोबर जाण्यातही एक विरह आहे. माळावर चार जणींत मिसळून वावरणारी बाई एकाएकी माडीवरच्या खोलीत येते. खाली भाजीवाली जे बोलते ते तिला कळत नाही, आणि भिंतीपलीकडे तेजाबाचा वास. ती भाषा शिकते ती बाजारातून. नवऱ्याच्या आधी आणि नवऱ्यापेक्षा चांगली शिकते. आणि काही वर्षांनी मुलांच्या शाळेत, दवाखान्यात, शेजारणीच्या बाळंतपणात घराच्या वतीने तीच बोलू लागते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी एका संसाराची फिरती अशा थाटात सांगितली की मराठी गद्य तिने श्रीमंत झाले. तसा एखादा आवाज या माडीवरच्या खोलीतून निघाला, तर दहा कादंबऱ्यांचे काम तो एकटा करील.

आता भाषेचा प्रश्न. असे पुस्तक कोणत्या मराठीत लिहावे? गलाईवाल्याच्या घरात माणदेशी बोलीचा जुना साज शिल्लक असतो. गावातल्या बोलीवर शाळा, चित्रपट आणि दूरदर्शन यांची पुटे चढली, पण परमुलखात गेलेली बोली ज्या दिवशी गेली त्या दिवसाच्या रूपात पुष्कळ काळ टिकते. तिच्यातच हिशेबाचे शब्द तमिळमधून, शिवीगाळ मलयाळममधून आणि धंद्याची परिभाषा हिंदी-उर्दूतून आलेली असते. शुद्धतेचे अभिमानी यास धेडगुजरी म्हणतील. त्यांनी तंजावरकडे पाहावे. भोसल्यांच्या राज्यात मराठी आणि तमिळ शेजारी नांदत होत्या. तेथील शहाजीराजाने ‘पंचभाषाविलास’ हे नाटक रचले, त्यात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू व हिंदी या पाच भाषा एका रंगभूमीवर आल्या. तेथील बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजाने 1803 साली कोरविलेला प्रदीर्घ मराठी शिलालेख तमिळ भूमीत आजही उभा आहे. तीनशे वर्षांपूर्वी मराठी राजाला जे शोभले ते आजच्या मराठी कादंबरीस शोभू नये काय? आधुनिक काळातही विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगणा’ने 1939 साली नाना देशांची माणसे एका बोटीवर आणून मराठी वाक्याची कुवत दाखवून दिलीच होती. भाषा दरिद्री नाही. तिला काम सांगणारे कमी आहेत.

परंतु या पुस्तकास आता फार वाट पाहता येणार नाही, आणि आमच्या लिहिण्यामागील खरी तळमळ हीच आहे. या धंद्याने पूर्वी संकटे पाहिली आहेत. 1963 च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले, चौदा कसापेक्षा अधिक शुद्धतेचा दागिना घडविण्यास बंदी झाली. 1968 साली त्याचा कायदा झाला आणि तो 1990 साली उठला. त्या दिवसांतून जे तरले त्यांच्यापुढे आज निराळ्या प्रकारचे संकट आहे. 16 जून 2021 पासून देशातील 256 जिल्ह्यांत दागिन्यांवर शुद्धतेची सरकारी खूण सक्तीची होऊ लागली. कसोटीच्या दगडावरील रेघ आणि अनुभवी डोळा यांच्या जागी क्ष-किरणांचे यंत्र आले. आणि मोठे शुद्धीकरणाचे कारखाने लहान मुशीच्या पुढ्यातील काम उचलून नेऊ लागले. ग्राहकाच्या दृष्टीने हे हिताचेच आहे, आणि घातक धुरातून माणसे सुटली तर त्याचाही खेद मानण्याचे कारण नाही. इकडे कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने या कोरड्या माळांवर आणले गेले आहे. ज्या कारणाने माणूस बाहेर पडला ते कारणच काही गावांत मागे हटत आहे. आणि तिसरीकडे, परमुलखात जन्मलेली नातवंडे मराठी बोलतात, पण वाचीत नाहीत. ज्यांच्याजवळ आठवणी आहेत त्यांना लिहिता येत नाही, आणि ज्यांना लिहिता येईल त्यांची लिहिण्याची भाषा मराठी असेलच असे नाही. कॅब्रामट्टाची कथा त्या मुलांनी इंग्रजीत लिहिली. आमच्या माळाची कथा उद्या कोणी तमिळमध्ये किंवा मलयाळममध्ये लिहिली तर आम्ही तिचे स्वागतच करू. पण मराठीने ती अनुवादातून वाचावी ही मराठीस भूषणाची गोष्ट होणार नाही.

वाङ्मय मागणी करून मिळत नाही, हे आम्ही जाणतो. टीकाकाराने विषय सुचवावा आणि लेखकाने तो पुरवावा, असा हा व्यवहार नव्हे. टीकेस करता येते ते एवढेच की, आपली व्याख्या तपासून घ्यावी. प्रदेश म्हणजे जमीन, या सूत्राऐवजी प्रदेश म्हणजे माणसांनी एकमेकांशी राखलेला संबंध, असे म्हटले तर साहुकारपेठेतील बोळ हा माणदेशाचाच एक भाग ठरतो, आणि कोइंबतुरातील माडीवरची खोली खानापूर तालुक्यात येते. मग उद्या आलेल्या पुस्तकास ‘यात मातीचा वास नाही’ असे म्हणून बाजूस सारता येणार नाही. त्याची परीक्षा मात्र कठोरच व्हावी. गलाईवाल्याचा धर्म असा की, जो माल दुसऱ्याचा म्हणून हाती आला त्यातील सोने वजनाने जितके होते तितके परत करावे, आणि आपण मजुरी तेवढी घ्यावी. त्याच्या आयुष्यावर लिहू पाहणाऱ्यानेही याहून निराळा धर्म पाळू नये. त्याच्या कष्टांस मुलामा देऊ नये, त्याच्या दुःखात पदरची भर घालू नये. जे हाती आले त्यातील हीण जाळून उरेल ते पुरते परत करावे. ते प्रथम तपकिरी आणि निस्तेज दिसेल. दिसू द्यावे.